गेम लाँचर : खेळ सुरू न होण्याचा दोष

गेम लाँचर : संगणकावरील खेळ विकत घेणे, उतरवून घेणे, अद्ययावत ठेवणे व सुरू करणे ही कामे एकाच ठिकाणाहून करणारी आज्ञावली. स्टीम, एपिक गेम्स, युबिसॉफ्ट कनेक्ट, ईए ॲप, रॉकस्टार गेम्स ही प्रचलित उदाहरणे होत. लाँचर उघडतो, यादीत खेळ दिसतो, ‘प्ले’ दाबल्यावर क्षणभर ‘रनिंग’ असे येते आणि पुन्हा ‘प्ले’च दिसू लागते, अशी या आज्ञावलींबाबतची नेहमीची तक्रार असते. कोल्हापुरात ती ‘गेम उघडंना’ एवढ्या दोन शब्दांत सांगितली जाते. या दोषाची कारणे, परीक्षा व उपाय येथे विंडोज संगणकांपुरते दिले आहेत.

पूर्वेतिहास : सीडीच्या काळात खेळ स्वतःच सुरू होत असे, लाँचर म्हणजे फार तर सीडी घातल्यावर आपोआप येणारी एक खिडकी. व्हॉल्व्ह कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी ‘स्टीम’ आणले, ते प्रामुख्याने ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळांच्या सुधारित आवृत्त्या सर्वांना एकदम मिळाव्यात म्हणून. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला ‘हाफ-लाइफ २’ चकतीवर विकत घेतला तरी स्टीमशिवाय चालत नव्हता. पुढे इतर कंपन्यांनीही आपापले लाँचर काढले. एपिकचे दुकान ६ डिसेंबर २०१८ रोजी उघडले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला खेळही २०२० मध्ये याच मार्गाने संगणकावर आला.

कार्यपद्धती : लाँचर खेळ चालवत नाही, तो खेळाच्या मुख्य फाइलला हाक मारतो आणि बाजूला होतो. मात्र त्याआधी काही टप्पे पार पडतात : खात्याची व मालकीची खातरजमा, नवी आवृत्ती आहे का याची चौकशी, लागणाऱ्या साहाय्यक फाइली (व्हिज्युअल सी++, डायरेक्टएक्स) बसवणे, फसवणूकविरोधी सेवा जागी करणे आणि शेवटी मुख्य फाइल उघडणे. स्टीमवर घेतलेला ‘जीटीए ५’ सुरू करताना स्टीम आधी रॉकस्टारचा लाँचर उघडतो व तो खेळाला उठवतो. म्हणजे साखळीत दोन लाँचर येतात. साखळीचा कोणताही दुवा तुटला तरी पडद्यावरचे लक्षण बहुधा एकच असते. म्हणून दुरुस्तीचे पहिले काम तुटलेला दुवा शोधणे हे होय.

दोषाची परीक्षा : प्रथम दुसरा एखादा खेळ सुरू करून पाहावा. तोही उघडत नसेल तर दोष लाँचर, विंडोज किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरकडे. एकच खेळ अडत असेल तर त्या खेळाच्या फाइलींकडे. त्यानंतर विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘ॲप्लिकेशन’ नोंदी पाहाव्यात. खेळ कोसळला असल्यास त्या वेळेसमोर लाल खुणेची नोंद असते व तीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ या शब्दांपुढे ज्या फाइलपाशी तो कोसळला तिचे नाव असते. त्रुटीसंकेतही बोलके असतात : शेवटी ‘१३५’ असेल तर आवश्यक डीएलएल फाइल सापडत नाही, ‘००७बी’ असेल तर बहुधा ३२-बिट व ६४-बिट फाइलींची सरमिसळ झाली आहे. ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही’ असा संदेश आल्यास ती एकटी फाइल कोठून तरी उतरवून खेळाच्या फोल्डरात टाकण्याची पद्धत चुकीची व धोक्याची आहे. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ संच ३२-बिट व ६४-बिट अशा दोन्ही रूपांत पुन्हा बसवावा.

वीज, पाऊस व पूर : खेळाची नवी आवृत्ती उतरत असताना वीज गेली आणि यूपीएस नसला, तर फाइल अर्धवट राहू शकते. स्टीममध्ये खेळाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइलींची पडताळणी करण्याची सोय असते; एपिकमध्ये ती ‘मॅनेज’खाली मिळते. पडताळणीत बिघडलेल्या तेवढ्याच फाइली पुन्हा उतरवल्या जातात, सबंध खेळ नव्हे.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत नदीने धोका पातळी मोठ्या फरकाने ओलांडली आणि अनेक भागांत वीज बंद राहिली. पाणी न शिरलेल्या संगणकालाही अशा दिवसांत एक सूक्ष्म दोष जडू शकतो. मदरबोर्डवरील नाण्याएवढा ‘सीआर२०३२’ सेल संगणकाचे घड्याळ चालू ठेवतो. मुख्य वीज जोडलेली असताना त्याच्यावर फारसा भार नसतो. वीज कित्येक दिवस नसली की जुना सेल उघडा पडतो व तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जात असल्याने लाँचरला सर्व्हरशी बोलता येत नाही आणि ‘इंटरनेट नाही’ असा दिशाभूल करणारा संदेश येतो. अशा वेळी राउटर बदलण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. पाणी शिरलेला संगणक मात्र पूर्ण सुकवून तपासल्याशिवाय विजेला जोडू नये.

देवनागरी नावाचा अडसर : मराठी वापरकर्त्यांपुरते विशेष महत्त्वाचे कारण. विंडोज बसवताना स्थानिक खात्याला ‘आदित्य’ असे देवनागरी नाव दिले, तर सी ड्राइव्हवरील ‘यूजर्स’मध्ये त्याच नावाचे फोल्डर तयार होते आणि अनेक खेळ आपली मांडणी व जतन केलेली प्रगती तेथे ठेवतात. विंडोजला हे नाव समजते, पण युनिकोड न जाणणाऱ्या आज्ञावल्या जुन्या संकेत-तक्त्यातून ते वाचतात. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असा जुना तक्ता कधीच नव्हता. देवनागरी केवळ युनिकोडमधूनच चालते. परिणामी सहा चिन्हांच्या ‘आदित्य’च्या जागी सहा प्रश्नचिन्हे उमटतात. फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, त्यामुळे मार्ग सापडत नाही व खेळ एकही शब्द न बोलता बंद होतो.

कंट्रोल पॅनेलमध्ये खात्याचे नाव बदलून उपयोग होत नाही, कारण त्याने फोल्डरचे नाव बदलत नाही. रोमन लिपीत नाव देऊन दुसरे खाते उघडणे हा खात्रीचा उपाय. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ‘रिजन’ मांडणीत यूटीएफ-८ चा पर्याय आहे. तो लावल्यास काही खेळ चालू लागतात. परंतु त्याच संगणकावर लग्नपत्रिका किंवा हँडबिलांचे काम होत असेल तर तो लावताना विचार करावा. आठ-बिटी फाँटांवर चालणारी जुनी डीटीपी सॉफ्टवेअर त्यामुळे बिघडू शकतात.

जुने यंत्रभाग : सेकंड-हँड संगणकावर दोष पुष्कळदा क्षमतेचा असतो. प्रोसेसरमधील एव्हीएक्स ही आज्ञामालिका इंटेलने २०११ च्या सुमारास आणली. ‘कोअर २ ड्युओ’त ती नाही आणि नंतरही अनेक वर्षे निघालेल्या पेंटियम व सेलेरॉन प्रोसेसरांत नव्हती. ती मागणारा खेळ अशा यंत्रावर उघडताक्षणी मिटतो. ‘जीटी ७१०’ या स्वस्त ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर डायरेक्टएक्स १२ असे असले, तरी त्याची प्रत्यक्ष क्षमता ११.० पातळीची आहे, १२.० पातळी मागणारा खेळ त्यावर चालत नाही. यांवर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर मात्र विंडोजच्या ‘ग्राफिक्स’ मांडणीत त्या खेळापुरती जास्त क्षमतेची चिप निवडून देता येते.

विंडोजची आवृत्तीही पाहावी. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७, ८ व ८.१ चा आधार काढून घेतला. सीडीवरील जुन्या खेळांबाबत अडचण उलटी असते : त्या काळच्या अनेक सीडींवरील ‘सेफडिस्क’ हे नक्कलविरोधी कुलूप विंडोज १० पासून चालत नाही, त्यामुळे मूळ सीडी हाती असूनही खेळ सुरू होत नाही.

सुरक्षा व फसवणूकविरोधी सेवा : अँटिव्हायरस कधीकधी खेळाची फाइल संशयित ठरवून अलग ठेवतो. प्रथम अलग ठेवलेल्या फाइलींची यादी पाहावी. फाइल अधिकृत लाँचरमधून आलेली असेल तर फक्त तिला सूट द्यावी, अँटिव्हायरस बंद करून ठेवू नये. ‘रिपॅक’ म्हणून फिरणाऱ्या चोरीच्या प्रतींतील फाइलींना अशी सूट देणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे. ‘व्हॅलोरंट’ या खेळाच्या फसवणूकविरोधी सेवेला विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षा-सोयी लागतात. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेले असेल आणि हार्ड डिस्कची मांडणी जीपीटीत न बदलता बायॉसमध्ये सिक्युअर बूट सुरू केले, तर खेळ राहोच, विंडोजही उघडत नाही.

उपायांचा क्रम : फुकटचा व उलटवता येणारा उपाय आधी, असे सूत्र ठेवावे. (१) लाँचर पूर्ण बंद करून, टास्क मॅनेजरमध्ये मागे उरलेली प्रक्रिया संपवून संगणक पुन्हा सुरू करावा. (२) तारीख व वेळ तपासावी. (३) खेळाच्या फाइली पडताळाव्यात. (४) ग्राफिक्स ड्रायव्हर व व्हिज्युअल सी++ संच नवे करावेत. (५) ओव्हरले दाखवणारी इतर सॉफ्टवेअर बंद करून पाहावीत. (६) नव्या, रोमन नावाच्या खात्यातून खेळ सुरू करून पाहावा. (७) लाँचर काढून पुन्हा बसवावा. लाँचर काढण्यापूर्वी खेळांचे फोल्डर दुसरीकडे हलवावे. स्टीम काढताना त्याच्या फोल्डरातील ‘स्टीमॲप्स’ व त्यातील खेळही पुसले जातात. एका वेळी एकच बदल करावा; चार बदल एकदम केले तर खेळ सुरू होतो, पण दोष कोणता होता ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘फॉरमॅट मारून घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने सॉफ्टवेअरमधील बहुतेक दोष जातात हे खरे. पण सेलचा, प्रोसेसरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा दोष त्याने जात नाही आणि नव्या विंडोजला पुन्हा देवनागरी नाव दिले तर तो अडसरही परत येतो. शिवाय सर्वच खेळ प्रगती क्लाउडवर ठेवत नाहीत. विकत घेतलेला खेळ खात्यातून हवा तेव्हा पुन्हा उतरवता येतो; ‘यूजर्स’ फोल्डरात जतन झालेला डाव फॉरमॅटबरोबर पुसला जातो, म्हणून त्या फोल्डराची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्यावी.