नागपूरची रात्रपाळी

अंतर मैलांनी मोजावे की तासांनी, हा प्रश्न लोहाऱ्याच्या श्रोत्यांना नवा नाही. आमच्या गावाला रेल्वे नाही. सोलापूर किती लांब असे कोणी विचारले, तर येथला माणूस गाडीचे तास सांगतो. १९४९ साली हाच हिशेब सरकारने आकाशात मांडला.

मुंबई ते दिल्ली सरळ रेषेने सुमारे साडेअकराशे किलोमीटर. नागपूरवरून जावे तर आधी सुमारे सातशे आणि पुढे साडेआठशे, म्हणजे चारशे किलोमीटरांचा वळसा पडतो. तरीही रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री असताना टपाल याच वळशाने धाडण्याचे ठरले. जानेवारी १९४९ मध्ये योजना सुरू झाली. आमच्या भागातील निजामी राजवट संपून तेव्हा चारच महिने झाले होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपुरास जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. चार शहरांच्या जोड्या होतात सहा. त्या सहाही वाटांचे काम चार विमानांत भागले! दिवसभर कचेऱ्यांत लिहिलेली पत्रे लोक झोपले असताना प्रवास करीत. वाट लांबली, पण दिवस वाचला.

विमाने डाकोटा जातीची, ताशी सुमारे २७० किलोमीटर जाणारी. मुंबईहून नागपूर अडीच तासांचे, तर कलकत्त्याहून साडेतीनांच्या वर. ज्याची वाट लांब त्याने आधी निघावे, नाहीतर बाकीचे तिघे खोळंबणार.

या योजनेची वाखाणणी पुष्कळ झाली आहे आणि ती रास्तच आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची नजर मात्र विमानाखाली उभ्या असलेल्यांकडे जाते. थैल्या उतरविणारे, त्या शहरवार लावणारे, इंधन भरणारे, यंत्र तपासणारे. चार विमानांचा वक्तशीरपणा त्यांच्या हातांवर तोलला होता, आणि तोही ऐन झोपेच्या वेळी.

ही रात्रपाळी जोखमीचीही होती. १२ डिसेंबर १९५३ रोजी मद्रासकडे निघालेल्या डाकोटाचे एक इंजिन नागपूरहून उड्डाण होताच बंद पडले आणि विमान कोसळले. टपालाबरोबर उतारूही नेत असत. दहा उतारू व तिघे कर्मचारी मृत्यू पावले. एकटा वैमानिक वाचला. विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा साडेचार महिने झाले होते.

विमानाने रात्रीत कापलेली वाट शहरापुरती होती. कलकत्त्याचे पत्र पहाटे मुंबईस आले, तरी लोहाऱ्यासाठी त्याला पुढे आगगाडी आणि मग सडक होतीच.

१९६४ पासून देशातल्या मार्गांवर जेट विमाने आली. १९७३ साली नागपूरचा हा मध्यरात्रीचा मेळ बंद झाला.