आजारपणाची वर्गणी

‘पॅनेलचा डॉक्टर’ हा शब्द अंधेरी-मरोळकडच्या जुन्या कामगारांच्या घरांत अजून ऐकू येतो. ज्याच्याकडे इएसआयचं कार्ड, त्यानं या डॉक्टरकडे जायचं, औषध घ्यायचं आणि रजेसाठी सर्टिफिकेटही. (काही जण आधी सर्टिफिकेट मागत आणि मग आजार सांगत.) माझे अब्बा साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांचं कार्ड अम्मी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवायची. हा पॅनेल आला कुठून, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. परदेशात आजारपणं काढली, तेव्हा तो पडला.

शब्दाचा माग जर्मनीपर्यंत जातो. बिस्मार्कनं 1883 साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. वर्गणीचे दोन वाटे कामगाराचे, एक मालकाचा. लॉइड जॉर्ज हे ब्रिटिश अर्थमंत्री 1908 साली जर्मनीत जाऊन ही व्यवस्था बघून आले आणि 1911 साली त्यांनी तसा कायदा आपल्या देशात आणला. विम्याचे रोगी तपासायला जे डॉक्टर तयार झाले त्यांची यादी म्हणजे पॅनेल. डॉक्टरला पैसे मिळायचे ते त्याच्याकडे नोंदलेल्या डोक्यांमागे. हीच रीत पुढे मुंबईच्या इएसआयनं उचलली.

पण आपण नुसती नक्कल केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. बेव्हरीज यांचा गाजलेला अहवाल ब्रिटनमध्ये डिसेंबर 1942 मध्ये आला आणि मार्च 1943 मध्ये इथल्या सरकारनं प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. ऑगस्ट 1944 मध्ये आडारकरांनी अहवाल दिला. त्यातून एप्रिल 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली ती त्याच वर्षी 5 जुलैला! प्रत्यक्षात योजना उतरायला मात्र 24 फेब्रुवारी 1952 उजाडला. कानपूर आणि दिल्लीपासून सुरुवात झाली. मुंबईचा नंबर त्यानंतर लागला. मग आपल्या उपनगरांत मुलुंड, कांदिवली, मरोळ इथं इएसआयची मोठी इस्पितळं उभी राहिली.

1993 साली मी दुबईला स्टोअरकीपर म्हणून गेलो. जाण्याआधी मुंबईतच मेडिकल. आखातात जाणाऱ्याची खरी परीक्षा तीच. छातीच्या एक्सरेत जुन्या टीबीचा डाग दिसला की माणूस अनफिट. आमच्या तुकडीत घाटकोपरचा एक वेल्डर होता. औषधाचा कोर्स पुरा करून, बरा होऊन त्याला चार वर्षं झालेली. हे त्यानं परोपरीनं सांगितलं. पण शिक्का अनफिटचाच बसला. एजंटाला दिलेले पैसे बायकोचे दागिने मोडून आणलेले होते.

तिकडे पोहोचल्यावर सरकारी हेल्थ कार्ड मिळालं. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन तिथंच झालं. चादरी स्वच्छ, नर्स केरळच्या, वागणूक चांगली. तक्रारीला जागा नव्हती. पण कार्ड व्हिसाला बांधलेलं आणि व्हिसा कंपनीला. त्यामुळे आमच्या खोलीतली माणसं अंगात ताप घेऊन कामावर जायची. आजारी दिसलो तर परत पाठवतील, ही धास्ती. पुढे 2013 च्या कायद्यानं दुबईत कर्मचाऱ्यांचा विमा उतरवणं मालकांवर बंधनकारक झालं. खर्चाचा प्रश्न त्यानं हलका झाला, तरी कार्डाची गाठ नोकरीशी राहिली ती राहिलीच.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही नवराबायको लेस्टरला काही महिने राहिलो, तेव्हा वेगळा प्रकार पाहिला. तिचं नाव घराजवळच्या दवाखान्यात पत्त्यावरून नोंदलेलं. नवऱ्याची नोकरी काय, पगार किती, कुणी विचारलं नाही. बाळंत होऊन घरी आली तर दुसऱ्या दिवशी मिडवाइफ दारात हजर. मला आमच्या रत्नागिरीकडची सुईण आठवली, फक्त हिच्या पिशवीत लॅपटॉप होता. अर्थात बाहेरून येणाऱ्याला तिथंही फुकट काही नाही. व्हिसा घेतानाच आरोग्याचा अधिभार भरावा लागतो. 2015 साली तो वर्षाला 200 पौंड होता, फेब्रुवारी 2024 पासून 1,035 झाला. आणि वाट पाहणं! जावयाचा गुडघा दुखत होता, त्याला तज्ज्ञाची तारीख मिळेपर्यंत आमचा परतीचा दिवस आला.

तिथं बसून मला अब्बांचं कार्ड आठवे. आडारकरांची योजना कायम चालणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांपुरती आखलेली होती. त्या काळी कुठून तरी सुरुवात करायची तर तीच वाट होती, असं माझं मत आहे. पण मुलुंड-भांडुपच्या एलबीएस मार्गावरचे कारखाने एकामागून एक बंद पडले, तिथं मॉल आणि टॉवर आले. पगारातून कापली जाणारी वर्गणी थांबली आणि तिच्याबरोबर कार्डही गेलं. पन्नाशीतल्या फिटरला नेमका तेव्हाच रक्तदाब आणि मधुमेह गाठतो. अब्बांचंही तेच झालं. मरोळच्या इस्पितळावर तर 17 डिसेंबर 2018 रोजी आगीचा घाला पडला, त्यात माणसं दगावली.

1946 साली भोर समितीनं आडारकरांच्याही पुढचं सांगितलं होतं. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, असं. त्याच्या जवळपास जाणारी जागा आपल्या उपनगरात शोधायची तर ती महापालिकेच्या इस्पितळाची. कार्ड गेल्यावर अब्बा कूपरला जाऊ लागले. तिथं पहाटे रांग लागे, औषध कधी असे, कधी बाहेरून आणावं लागे. अब्बांच्या पुढे-मागे जौनपूरचा रिक्षावाला, कोकणातून आलेली म्हातारी, नाक्यावरचा भाजीवाला. केसपेपर काढणारा खिडकीतून नाव, वय आणि पत्ता विचारायचा. कुठं कामाला आहात, हे त्यानं अब्बांना कधी विचारलं नाही.