झाडावरचा कर

ताडी मोजून तिच्यावर कर बसविणे अवघड. पहाटे झाडावरून उतरविलेला गोड रस दुपारपर्यंत आंबतो आणि पुढे त्याचा सिरका होतो. म्हणून मुंबई इलाख्याच्या अबकारी खात्याने रस सोडून झाडच धरले. ज्या माडाची वा ताडाची ताडी काढायची, त्या प्रत्येक झाडामागे परवाना आणि कर. आपल्या वसई-डहाणू पट्टीत, जिथे फुग्यांचे पीठसुद्धा ताडीने आंबवीत, तिथे या कराची झळ केवळ पिणाऱ्यांपुरती राहिली नाही.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा कारभार आवळला. त्यापूर्वी ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत मोहाच्या लहानसहान भट्ट्या असत. आता त्या मोडून दारू गाळण्याचे काम देखरेखीखालील मोजक्या मोठ्या भट्ट्यांत एकवटले आणि दारू भट्टीबाहेर पडतानाच तिच्या तीव्रतेप्रमाणे कर घेतला जाऊ लागला. एवढा पैसा आगाऊ गुंतविण्याची ऐपत वारली-कातकऱ्यांची कुठली? मक्ता सावकारी बळ असलेल्यांकडे गेला. पुढे १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा होऊन मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध आले. ही फुले टंचाईच्या दिवसांत गरिबांचे अन्न होती, याचा विचार दारूचा हिशेब करणाऱ्यांनी केला नाही.

ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याची अडचण निराळी. झाडाने रस कमी दिला तरी कर तेवढाच. कर वाढत गेला तशी लहान माणसाला ही जोखीम पेलेना. ताडी सौम्य, मोहाची दारू जहाल. तरीही ताडी स्वस्त राहिली तर दारूचा खप व तिच्यावरचे उत्पन्न घटेल, ही सरकारची चिंता होती. ‘कमीत कमी खपातून जास्तीत जास्त उत्पन्न’ हे खात्याचे जाहीर धोरण. त्यातला पूर्वार्ध शोभेचा होता, असे माझे मत आहे. १८८९ मध्ये सॅम्युअल स्मिथ यांच्या ठरावावरून ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहानेच या धोरणाला दोष दिला. तरी अबकारीचे उत्पन्न सरकारला सोडवेना.

१९१९ च्या सुधारणांनंतर तर मोठीच विसंगती उभी राहिली. शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती आली. शाळा काढायच्या तर पैसा हवा, आणि पैशाचा मोठा झरा दारूच्या दुकानातून वाहत होता! गांधीजींनी या परावलंबनावर वारंवार टीका केली.

अखेर काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली आणि बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसविला. पारशी समाजातून याला तीव्र विरोध झाला, कारण त्यांच्यापैकी अनेकांचा दारूचा व्यवसाय गेला होता आणि घरांवर नवा करही आला होता. १९५० मध्ये बंदी साऱ्या मुंबई राज्यात पोहोचली. भंडाऱ्याला आता परवाना मिळे तो नीरेचा. तोच रस, तेच झाड, पण आंबण्यापूर्वी विकला गेला तर कायदेशीर, उन्हे चढून आंबला की गुन्हा.