पावात आहे तरी काय?

नान खलिया हा छत्रपती संभाजीनगरचा मानाचा पदार्थ. महंमद तुघलकाने 1327 साली राजधानी दौलताबादेस हलविली, त्या काळी लष्करासाठी ही जोडी तयार झाली, असे शहरात परंपरेने सांगितले जाते. तो पिवळसर नान आजही भट्टीवरून सुटाच विकला जातो. त्यावर चिठ्ठी नसते, आणि गिऱ्हाईक ती मागतही नाही.

भट्टीच्या अन्नात आहे तरी काय, हा प्रश्न मात्र महाराष्ट्राला जुनाच आहे. पोर्तुगिजांबरोबर पाव आला. गोव्यात तो फुगविण्यासाठी माडाची ताडी वापरली गेली. शेजाऱ्यांना ही कृती ठाऊक नव्हती आणि अज्ञानाची जागा वदंतेने घेतली. पोर्तुगीज भाषेतून आलेल्या ‘पाव’ ह्या शब्दावरून, कणीक पायाने तुडवितात असे लोक म्हणू लागले. विहिरीत पाव पडला की गाव बाटला, ह्या कथा आपल्या वाडवडिलांनीही ऐकल्या आहेत. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांचे प्रकरण तर रानडे-टिळकांसारख्यांच्या प्रायश्चित्तापर्यंत गेले. तेव्हाची विचारणा एवढीच होती : अन्न कोणाच्या हातचे?

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचा रोख बदलला. 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने अन्न शुद्ध आहे की नाही, हे विचारले. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने त्याची जागा घेतली. आता बंद पाकिटावर ऊर्जा, साखर, चरबी, मीठ ह्यांचा हिशेब छापावा लागतो. वनस्पती तुपातून येणाऱ्या ट्रान्स फॅटची कमाल मर्यादाही 2021 साली 3 टक्के व 2022 पासून 2 टक्के झाली. कारण ही चरबी हृदयविकारास हातभार लावते.

परंतु हा हिशेब आधीच बंद केलेल्या पाकिटापुरता आहे. काचेच्या कपाटातून कागदात बांधून मिळणारी खारी, टोस्ट, नानकटाई त्यातून सुटते. अमेरिकेतही 1990 च्या पोषण-लेबल कायद्याने, जागेवरच भाजून तेथेच विकणाऱ्या बेकरीला सवलत दिली. लहान भट्टीवाल्याने प्रत्येक घाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी कशी, ही अडचण खरीच आहे.

तरीही घरात मधुमेही आजी असते, रक्तदाबाचे वडील असतात. चहाबरोबरचा टोस्ट त्यांच्यासाठी निरुपद्रवी समजला जातो, आणि त्यातील साखर-मीठ कोणी मोजत नाही. नाताळचा केक वर्षातून एकदा येतो. टोस्ट मात्र रोज सकाळी येतो.

उपाय अवघड नाही. कोणते तूप, किती साखर, मैदा की गव्हाचे पीठ, एवढे बेकरीवाल्याला विचारावे. त्यानेही ते फळ्यावर लिहावे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एकेकाळी आपल्या पावाकडे लोक संशयाने पाहत, कारण कृती कोणी सांगितली नव्हती. तो संशय वदंतेचा होता. आजचा प्रश्न आरोग्याचा आहे, आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे.