मोजणीदार पतंग

“गुरुजी, ही काय मोजते हो?” वारणानगरच्या शिवारात बाभळीच्या डहाळीवर चाललेली एक अळी दाखवून एका पोराने विचारले. प्रश्न त्याचा होता, पण त्याच्या मागे अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

१७५८ साली स्वीडनच्या लिनीअसने या अळीपासून होणाऱ्या पतंगांना ‘जिओमेट्रा’ म्हटले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जमीन मोजणारा. बहुतेक पतंगांच्या अळ्यांना पोटाखाली मांसल पायांच्या पाच जोड्या असतात. हिला अगदी शेवटाकडे दोनच. म्हणून ती पुढचे पाय रोवते, मागचे त्यांच्याजवळ आणते, अंगाची कमान करते आणि पुन्हा लांब होते. जणू विती टाकीत निघालेली मोजणीदारीण! संकट दिसताच ती ताठ उभी राहते. पाहणाऱ्याला वाळकी काडीच वाटावी.

आपल्याकडे या कुळाचे दप्तर उशिरा उघडले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी निसर्गेतिहास मंडळ स्थापन केले. त्यांत कर्नल चार्ल्स स्विन्हो होते, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघेही होते. स्विन्होंनी १८८५ साली मुंबई व दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवर लिहिले. पुढे निलगिरीत चहाचा मळा पाहिलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात हिंदुस्थानातील पतंगांचे चार खंड सिद्ध केले.

पण याच कुळातल्या एका विलायती पतंगाने खुद्द माणसाचीच मोजणी केली. अंगावर मिरपूड शिंपडल्यासारखा हा पांढरा पतंग. त्याचा काळा भाऊ १८४८ साली मँचेस्टरला सापडला. गिरण्यांच्या धुराने झाडे काळवंडली होती. त्यांवर पांढरे पतंग पक्ष्यांच्या चटकन नजरेस पडत, काळे वाचत. १८९५ पर्यंत तेथे शंभरांत अठ्ठ्याण्णव काळे झाले! १९५६ साली धुराला आळा घालणारा कायदा आला, हवा निवळत गेली आणि पांढरे पुन्हा वाढू लागले.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू होते. तोडलेल्या फडात पाचट पेटवले, की बांधावरच्या बाभळीही होरपळतात. त्या पोराला मी सांगितले, “बाळ, ती फांदी मोजते, पण तिच्या मोजणीत आपणही येतो.”

त्याने डहाळी हळूच सोडली. यंदा त्याच्या बापाने पाचट न जाळता सरीतच कुजू दिले आहे.