छायाकृतीतील बुद्ध आणि जळते घर

चऱ्होलीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात जपान हे नाव दोन वाटांनी घरात येते : एक कारखान्यातून, दुसरी मुलांच्या दूरचित्रवाणी संचातून. डोरेमॉन आणि शिनचॅन यांची ओळख येथे कोणास करून द्यावी लागत नाही. परंतु त्याच देशात ॲनिमेशनची आणखी एक संथ, हाताने घडविलेली परंपरा होती आणि तिच्या काही श्रेष्ठ कृतींचा उगम भारतातून गेलेल्या बौद्ध वाङ्मयात आहे, ही गोष्ट फारशी चर्चिली जात नाही. याच परिसरात, देहूरोड येथे, २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. अशा भूमीतील वाचकांपुढे हा इतिहास मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नोबुरो ओफुजी यांचा जन्म १९०० साली तोक्योच्या असाकुसा भागातला. चियोगामी नावाचा नक्षीदार कागद कातरून त्यांनी आपले आरंभीचे चित्रपट केले. पुढे ते छायाकृतींकडे वळले. त्यांचा ‘कुजिरा’ म्हणजे ‘देवमासा’ हा चित्रपट प्रथम १९२७ साली आला. १९५२ मध्ये रंगीत पारदर्शक सेलोफेन वापरून त्यांनी तो पुन्हा घडविला व तो १९५३ च्या कान महोत्सवात दाखविला गेला. जहाज बुडाल्यावर वाचलेले पुरुष एका स्त्रीसाठी आपसांत झगडतात, एवढेच त्याचे कथानक. तृष्णेवर याहून मोठे भाष्य करण्यास फार शब्द लागले असते. १९५६ साली त्यांच्या ‘युरेइसेन’ या चित्रपटाचा व्हेनिस येथे गौरव झाला. १९६१ साली, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, त्यांनी ‘शाका नो शोगाई’ हे बुद्धचरित्र छायाकृतींत साकारले.

छायाकृती आपणांस परकी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. मात्र त्यांच्या पडद्यावर रामायण येते. ओफुजींच्या पडद्यावर बुद्ध येतो. छायाकृतीत दागिन्यांचा झगमगाट नसतो, कातडीचा रंग नसतो. राजपुत्र आणि याचक एकाच काळ्या कागदातून कातरलेले असतात. ज्या धम्माने जन्मावरून माणसाची प्रत ठरविणे नाकारले, त्याला हे माध्यम किती साजते ! ओफुजींपुढील बुद्धचरित्र परंपरागत होते, हे मात्र विसरता येत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात चार दृश्यांमुळे गृहत्याग झाल्याची कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेला संघर्ष पुढे आणला. आजच्या कलावंताने हातात कात्री घेण्यापूर्वी हा ग्रंथ वाचला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

किहाचिरो कावामोतो (१९२५–२०१०) यांचे माध्यम निराळे : बाहुल्या. १९६३ साली ते प्रागला जाऊन यिरी त्रन्का यांच्यापाशी शिकले आणि स्वदेशाच्याच परंपरेकडे वळण्याचा त्या गुरूचा सल्ला त्यांनी मनावर घेतला. नो नाट्यातील मुखवटा स्वतः बदलत नाही. मान किंचित वर वा खाली होताच प्रकाश बदलतो आणि भाव पालटतो. कावामोतोंच्या बाहुल्या असेच बोलतात. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदात चोवीस चित्रे सरतात.

त्यांच्या ‘ओनी’ (१९७२) या चित्रपटाची कथा ‘कोंजाकु मोनोगातारी’ या प्राचीन संग्रहातील आहे. त्या संग्रहाचे पहिले पाच खंड भारतातील कथांचे असून चंद्रावरील सशाचे जातकही तेथे पोचलेले आहे. १९७९ च्या ‘काताकु’ या चित्रपटाचे नाव सद्धर्मपुण्डरीक सूत्रातील जळत्या घराच्या दृष्टान्तावरून घेतले आहे. उनाई नावाच्या तरुणीला दोघे जण मागणी घालतात. कोणालाही दुखवायचे नाही म्हणून ती नदीत जीव देते. ते दोघेही एकमेकांना मारून मरतात. आणि नरकाग्नीत मात्र ती जळत राहते. वाटेने जाणारा भिक्खू ही कहाणी ऐकतो. नरककल्पना आम्हांस मान्य नाही. तरीही, जिने कोणाचे वाईट केले नाही तिलाच आग का, हा प्रश्न हा चित्रपट प्रेक्षकाच्या मनात ठेवून जातो, आणि भारतीय स्त्रीला तो जपानी वाटणार नाही. सूत्रातील पिता मुलांना हाका मारून जळत्या घराबाहेर काढतो. उनाईला हाक मारणारे कोणी नाही. ही उणीव कावामोतोंनी झाकली नाही, यातच त्यांचा प्रामाणिकपणा आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ प्रकाशित झाला त्याच १९५७ साली, त्याच मुंबईत, तेव्हाच्या फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून कक्षाने निग्रोधमिग जातकावर ‘बनियन डिअर’ हा रंगीत लघुपट काढला. डिस्नेकडून आलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवीत होते, जी. के. गोखले हे त्या कक्षाचे मराठी आधारस्तंभ. पाळी आलेल्या गर्भवती हरिणीच्या जागी निग्रोध मृगराज स्वतः वधस्थानी मान ठेवतो, आणि राजाने अभय देताच तेवढ्यावर थांबत नाही. उरलेल्या हरिणांचे काय, असे तो विचारतो. मग चतुष्पादांचे, पक्ष्यांचे, जलचरांचे. स्वतःचा जीव वाचल्यावरही प्रश्न संपत नाही, हे मुलांना सांगणारी याहून चांगली कथा आम्हांस ठाऊक नाही.

याच कक्षात घडलेले राम मोहन (१९३१–२०१९) पुढे जपानी कलावंतांबरोबर काम करू लागले. युगो साको १९८३ साली उत्खननांवरील माहितीपटासाठी भारतात आले होते. त्यांच्याबरोबर राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी १९९२ चा भारत-जपान ॲनिमेशनपट दिग्दर्शित केला. विषय होता रामायण.