कोळशातलं पान

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. विज्ञानाचे सर स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर बसत, तेवढाच माझा विज्ञानाशी संबंध! तरीही आज कार्बन चक्रावर लिहायला बसले आहे, कारण माझ्या मते हा धडा मुळात इतिहासाचा आहे.

नववीच्या विज्ञानात ही आकृती असते. झाड, गाय, माती, समुद्र, आणि कोपऱ्यात धूर सोडणारी एक चिमणी. बाण गोल फिरत राहतात, सगळे सारख्याच जाडीचे, आणि एकाही बाणावर सन नाही. मुलं आकृती काढतात, नावं देतात, मार्क मिळवतात. पण चिमणीचा बाण तिथे कधी आला? तो इतरांसारखा अनादि नाही, हे आकृती सांगत नाही. औद्योगिक क्रांती इतिहासाच्या तासाला, कोळसा भूगोलाच्या तासाला आणि कार्बन विज्ञानाच्या. तीन वह्या, तीन बाई-मास्तर... मुलांनी जोडायचं कुठे?

माझी बरीच नोकरी चंद्रपूर जिल्ह्यात झाली. तिथे कोळसा पुस्तकात शोधावा लागत नाही, तो दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. एकदा एका मुलाने खाणीजवळचा पाटीसारखा दगड वर्गात आणला. त्यावर जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा होता, मधली शीरसुद्धा स्पष्ट. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाचं हे पान. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे भूभाग गोंडवनात एकत्र होते तेव्हाचं, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचं. पान वर्गात हातोहात फिरलं. या पानाने हवेतून घेतलेला कार्बन परत हवेत गेला नाही, दलदलीत गाडला गेला, चक्रातून बाहेर पडला. आपण तो आता जाळून परत आत आणतो आहोत, तोही दीडदोनशे वर्षांत. हे सांगायला मला रसायनशास्त्र लागलं नाही.

हुशार मुलं इथे हमखास एक शंका काढतात. निसर्गच किती कार्बन सोडतो, आपला असून असून किती? शंका रास्त आहे. जमीन आणि समुद्र मिळून वर्षाला सुमारे २०० अब्ज टन कार्बन हवेत सोडतात, आपली इंधनं सुमारे १० अब्ज टन. पण निसर्ग जितका देतो तितका, किंबहुना थोडा जास्तच परत घेतो. वाण्याच्या खतावणीसारखं आहे हे. दोनशे आले, दोनशे गेले, शिल्लक तीच. वर दरसाल दहा जमा होऊ लागले, त्यातले निम्मे झाडांनी आणि समुद्राने उचलले, तरी उरलेले साठतच जाणार. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ४२०च्या वर आहेत.

हे माणसाला कळलं कसं, ती गोष्ट मुलांना फार आवडते. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईने काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. हा वायू भरलेली नळी सर्वांत जास्त तापली आणि निवायलाही फार वेळ लागला. तिचा निबंध सभेत वाचला मात्र एका पुरुषाने! पुढे ती विस्मरणात गेली, २०११ नंतर कुठे तिचं नाव पुन्हा पुढे आलं. १८५९ साली लंडनमध्ये टिंडल यांनी हे वायू उष्णता शोषतात हे नीट मोजून दाखवलं. १८९६ साली स्वीडनच्या अर्‍हेनियसने हाताने आकडेमोड करून सांगितलं की हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. थंड देशातला माणूस, त्याला त्यात भीतीपेक्षा सोयच दिसली! १९३८ साली कॅलेंडर या इंग्रज इंजिनिअरने जुन्या तापमानाच्या नोंदी गोळा करून पृथ्वी तापू लागल्याचं दाखवलं. १९५८पासून कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर रोज हवा मोजायला घेतली. त्यांचा आलेख फळ्यावर काढायला सोपा आहे. उत्तर गोलार्धात पालवी वाढते तेव्हा रेषा उतरते, पानगळीनंतर चढते, आणि दरवर्षीची लाट आधीच्या लाटेपेक्षा वर.

इतकं झाल्यावर खरा प्रश्न येतो. हल्ली रविवारी शेजारची काही मुलं माझ्याकडे बसतात. त्यातली एक सरळ म्हणाली, "आजी, मग माझ्या बाबांची खाण बंद करायची का?"

याला "झाडे लावा" हे उत्तर चालत नाही. तिला मी इंग्लंडची गोष्ट सांगितली. कोळशावर चालणारं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र लंडनमध्ये १८८२ साली सुरू झालं आणि ब्रिटनने आपलं शेवटचं असं केंद्र २०२४च्या ३० सप्टेंबरला बंद केलं. मधली १४२ वर्षं त्या विजेवर तो देश चालला. त्या धुरातला काही भाग अजूनही हवेत आहे, म्हणजे हिशोब तिच्या बाबांपासून सुरू होत नाही. पण खाणी बंद होताना तिथल्या मजुरांचं काय झालं, हेही सांगायला हवं. १९८४-८५ मध्ये ते वर्षभर संपावर होते आणि हरले. (तेव्हाचं कारण हवामान नव्हतं, पैसा होता.) गावंच्या गावं ओस पडली.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांना आधी दुसरं काम शिकवायला काय झालं होतं?"

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन ये म्हटलं आहे. खाणीतलं काम कसं चालतं, ते त्यांनीच मुलांना सांगावं.